जानकी पाण्यात उतरली

मानसी धुरी नौदलात भरती होऊन गेली, तेव्हा बोरिवलीच्या दौलतनगरातल्या त्या गल्लीत तिच्या आईपेक्षा बाकीचेच जास्त रडले. तळमजल्यावरच्या आजी रडल्या. समोरच्या इस्त्रीवाल्याने डोळे पुसले. कुंदाला तर रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी हुंदके आवरेनात. जानकी मात्र कोरडी. तिने मुलीच्या पाठीवरची बॅग सरळ केली, "पाणी पीत जा वेळेवर," एवढंच म्हणाली, आणि रिक्षा निघाल्यावर गाळ्यात येऊन भाजीला फोडणी घातली.

"बाई आहेस की दगड?" कुंदा म्हणाली.

"दुपारचे डबे कोण देणार? तू?"

जानकी आणि कुंदा मिळून पोळीभाजी केंद्र चालवायच्या. केंद्र कसलं, इमारतीच्या तळमजल्यावरचा एक अरुंद गाळा. आत शेगड्या आणि लांब ओटा, बाहेर काचेचं काउंटर. जानकी लाटायची, कुंदा भाजायची आणि बोलायची. कुंदाचा नवरा वारल्यावर तिला कामाची गरज होती आणि जानकीला हातांची. पण इतक्या वर्षांत त्या दोघींचं नातं बहिणींसारखं झालं होतं. म्हणजे भांडणंही बहिणींसारखीच.

जानकी रडत नाही याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा नव्हता, हे कुंदालाही कळत होतं. मूळचीच ती कमी बोलणारी. देवगडकडच्या एका खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन मुंबईत आली, ती राजेश धुरीच्या एका खोलीत. राजेश गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन. कधी सकाळी जायचा, कधी संध्याकाळी, आणि यायचा तेव्हा सेटवरचे किस्से सांगत यायचा. घरातलं बोलणं सगळं त्याच्याकडे. मानसी बापावर गेली होती. ती दोघं जेवताना एकमेकांना तोडून बोलायची आणि जानकी वाढता वाढता ऐकायची. घर बोलतंय तोवर आपण गप्प राहायला काय हरकत आहे, असं तिला वाटत असावं.

नेव्हीचं खूळ मानसीने कॉलेजातून आणलं. एका मैत्रिणीबरोबर तिने परीक्षा दिली, मैत्रीण राहिली आणि ही पास झाली. मग धावण्याची चाचणी होती. राजेश रोज पहाटे तिला मैदानावर घेऊन जायचा. ती धावायची आणि हा कठड्यावर बसून मोबाइलमध्ये वेळ लावायचा. जानकीला ही सगळी गंमतच वाटत होती. एक दिवस निवडीचा मेल आला आणि गंमत संपली.

"चार वर्षं?" तिने विचारलं होतं.

"आधी ट्रेनिंग, आई. ओडिशात, चिल्काला. मग जिथे पाठवतील तिथे."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू ना यार!"

रात्री जानकीने राजेशला एवढंच म्हटलं, "तुम्ही तिला नाही म्हणाला नाहीत." राजेश म्हणाला, "तू तरी कुठे म्हणालीस?"

पहिले दोन-तीन आठवडे घर विचित्र झालं. भांडी तीच, टीव्ही तोच, पण आवाज कसा रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. राजेश आपल्या परीने मोकळा होत होता. भेटेल त्याला सांगायचा. गावाला फोन लावून ओरडायचा, "माजां चेडू नेव्हीत गेलां!" मोबाइलवर परेडचे व्हिडिओ लावून ठेवायचा, आणि स्वयंपाकघरातून जानकी म्हणायची, "बंद करा ते ढमढम." तिला त्याचा राग येत होता. आपली पोर नजरेआड झाली आणि हा माणूस पेढे वाटल्यासारखा फिरतोय, हे तिला सहन होत नव्हतं.

केंद्रात येणारी गिऱ्हाइकंही विचारायची. "मुलीला कसं पाठवलंत हो? धीर कसा झाला?" जानकी पोळ्या कागदात गुंडाळत म्हणायची, "भाजी कुठली देऊ? फ्लॉवर की वाल?"

एकदा दूधवाला आला नाही म्हणून ती सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडली. जाताना मैदान लागलं. तिथे कठड्यावर राजेश बसलेला. तो तर 'फिरायला जातो' म्हणून निघाला होता. मैदानात दोन-चार पोरं धावत होती. त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. हातात मोबाइल होता, पण तोही बंद. नुसता बसला होता, सेट उठल्यावर सामानाशी मागे राहिलेल्या माणसासारखा. जानकीने हाक मारली नाही. दूध घेऊन ती दुसऱ्या रस्त्याने घरी आली. राजेश परत आला तेव्हा तिने चहात आलं जास्त घातलं होतं.

"आज काय विशेष?" तो म्हणाला.

"थंडी पडलीय," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच्या व्हिडिओंना काही बोलली नाही.

फोन रविवारी यायचा. बाकीच्या दिवशी मुलींचे मोबाइल जमा असायचे. रविवारी रांगेने मिळायचे आणि लगेच परत द्यावे लागायचे. पहिल्या रविवारी मानसी इतकी भराभर बोलली की अर्धं कळलंच नाही. दुसऱ्या रविवारी तिने जेवणाची, हरयाणाच्या मैत्रिणीची, पायाला आलेल्या फोडांची हकीकत सांगितली. राजेश स्पीकर लावून हसत होता आणि जानकी आवाजावरून ताडत होती, बारीक झाली असेल का, झोपत असेल का.

त्यानंतरच्या रविवारी आवाज बदलला.

"पप्पा, सगळं ओके आहे," ती म्हणाली आणि गप्प झाली. मानसी गप्प झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे दोघांनाही कळलं.

"काय झालं गो?" राजेश एकदम मालवणीवर आला.

"पोहायला जमत नाहीये. बाकी सगळं जमतं. धावते, दोर चढते, ड्रिल करते. पण पाण्यात गेले की वाट लागते माझी. ज्यांना येत नाही त्यांचा वेगळा गट केलाय. आधी बऱ्याच जणी होतो. बाकीच्या शिकून गेल्या. आता आम्ही थोड्याच उरलोय. उंचावरून उडी मारायची, पोहायचं आणि नुसतं तरंगून दाखवायचं. मला तर तरंगताच येत नाही. पाय खाली जातात आणि मग मी जातेच खाली."

"अगं, जोरात हातपाय मार!" राजेश म्हणाला.

"मारते हो पप्पा! जेवढे मारते तेवढी बुडते. सर चांगले आहेत, समजावतात. पण मला भीती वाटते ना. नाकात पाणी गेलं की मी काही ऐकतच नाही."

जानकीने राजेशच्या हातातून फोन घेतला.

"मानसी, मला येतं पोहायला."

राजेश तिच्याकडे बघत राहिला.

"तुला? आई, काहीही काय!"

"येतं. लहानपणापासून."

"मग सांग ना लवकर! कसं तरंगायचं? पाय कसे वर ठेवायचे? माझ्या मागे रांग आहे."

जानकीने तोंड उघडलं. तिला पक्कं माहीत होतं. खाडीत ती तासन् तास तरंगली होती. पण सांगायचं काय? पाय कसे वर राहायचे? हात कुठे असायचे? डोळ्यांपुढे फक्त पाणी आलं, हिरवट, संथ, आणि शब्द एकही आला नाही.

"कसं म्हणजे," ती म्हणाली, "तरंगायचं. आपोआप होतं ते."

"माझं नाही होत, आई," मानसी म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

राजेशने फोन चार्जिंगला लावला. मग म्हणाला, "लग्नाला एवढी वर्षं झाली. कधी बोलली नाहीस."

"कधी विषय निघाला?"

विषय निघाला नव्हता हे खरंच होतं. राजेशचं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. तिथे विहीर होती, समुद्र नव्हता. आणि मुंबईत समुद्र म्हणजे पाहुणे आले की दाखवायची गोष्ट. जानकीच्या माहेरी मात्र खाडी दारातच. ओहोटीला बायका-मुली तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायच्या, चिखल तुडवत, आणि भरती लागली की पोहत परत यायच्या. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. चालायला शिकावं तसं ते आलं होतं. लग्न झालं, आई-वडील गेले, भावाने घर विकलं, आणि खाडी मागे राहिली. त्यानंतर ती पाण्यात उतरलीच नव्हती.

"मी तिला शिकवायला हवं होतं," ती म्हणाली.

"कुठे शिकवणार होतीस? बादलीत?" राजेश म्हणाला. त्याला तिला हसवायचं होतं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डब्यांची गडबड संपल्यावर, कुंदा हात धुऊन आत आली तर जानकी गाळ्याच्या फरशीवर उताणी पडलेली. हात पसरलेले, डोळे मिटलेले.

"अगं बाई! चक्कर आली? जानकी! ए जानकी!"

"ओरडू नको. तरंगतेय."

कुंदा तिच्या डोक्याशी बसली. जानकीने तिला सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना कुंदाने तिला पहिल्यांदाच ऐकलं. "मला येतं गं, पण कसं येतं ते आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला की वाटतं, मान अशी होती का तशी? श्वास कधी घ्यायचा? पोर तिथे बुडतेय आणि मला सांगता येत नाही."

कुंदाने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "फरशीवर काय कळणार तुला? पाण्यात जाऊन बघ ना."

"कुठल्या पाण्यात?"

"पालिकेचा स्विमिंग पूल आहे."

"तिथे ते घट्ट कपडे घालावे लागतात. आणि पोरांसोरांच्या घोळक्यात मी नाही जायची."

"मग मनोरी. माझी मावससासू तिकडेच राहायची, मी जायचे पूर्वी. मधल्या वारी गेलं की कुत्रं नसतं किनाऱ्यावर. होडीने पलीकडे गेलं की झालं. आणि मी येते, कपडे सांभाळायला."

"आणि केंद्र?"

"एक दिवस लोकांनी वडापाव खाल्ला तर मरत नाहीत," कुंदा म्हणाली.

गुरुवारी काउंटरवर 'आज बंद' अशी पाटी लागली आणि दोघी निघाल्या. मालाडहून मार्वेची बस, मार्वेला धक्क्यावरून बोट. बोट सुटली तशी जानकीने हात बाहेर काढून पाण्याला बोटं लावली आणि पटकन मागे घेतली. कुंदा चांगली साडी नेसून, गजरा माळून आली होती. "सहलीला आलीयस का?" जानकी म्हणाली. "मग? एवढ्या वर्षांनी बाहेर पडलेय," कुंदा म्हणाली.

किनाऱ्यावर खरंच कुणी नव्हतं. एका बाजूला बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि एक वयस्कर बाई ते उलटेपालटे करत होती. जानकीने मानसीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला घट्ट बांधली होती. तिला तशी बघून ती बाई हातातलं काम टाकून जवळ आली.

"कुठे चाललात?"

"पाण्यात," जानकी म्हणाली. "तरंगून बघायचंय."

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जीव द्यायला नाही ना आलात?"

"नाही हो!" कुंदाच ओरडली. मग कुंदाने तिला मानसीची सगळी गोष्ट सांगितली, नेव्ही, ओडिशा, फोनची रांग. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "माझा मुलगा बोटीवर असतो, दुबईकडे. त्या खडकांकडे जाऊ नका, तिथे ओढ आहे. इथेच, कमरेएवढ्या पाण्यात राहा. मी आहे इथे." आणि बोंबलांकडे पाठ करून ती वाळूत उभीच राहिली.

जानकी पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत गार, गुडघ्यापर्यंत बरं, कमरेपर्यंत गेल्यावर अंगावर काटा आला. तिने खाडी आठवली, डोळे मिटले आणि मागे झोकून दिलं.

आणि ती बुडाली.

सरळ तळाला गेली. नाकातोंडात खारट पाणी शिरलं, हातपाय वाळूत घासले. ती खोकत, डोळे चोळत उठून उभी राहिली. काठावरून कुंदा किंचाळत होती, "ये बाहेर! ये आधी बाहेर! राजेशभावोजींना काय सांगू मी?"

जानकीला विश्वासच बसेना. इतका पक्का आपला म्हणून ठेवलेला गुण, आणि तो गेला? दुसऱ्यांदा ती पडली, तेव्हाही पाय खाली गेले. तिसऱ्यांदा तिने हात मारले तर आणखीच लवकर गेली. मानसी म्हणाली होती तसंच अगदी. जेवढे मारते तेवढी बुडते. मग मात्र भीती ओसरली आणि ती विचार करू लागली. मी काय करतेय? मी कुंदाकडे बघतेय. ती ओरडते म्हणून मान वर काढतेय. डोकं वर गेलं की कंबर मोडते, आणि कंबर मोडली की पाय जाणारच.

"कुंदा!" तिने ओरडून सांगितलं. "आता गप्प बस. काहीही झालं तरी हाक मारू नको."

मग तिने छाती भरून श्वास घेतला, हळूहळू मागे टेकली, आणि मान सोडून दिली. पाणी मानेला लागलं. मग कानांना. कान बुडायला लागले तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं, ऊठ, ऊठ. ती उठली नाही. कान बुडाले, आणि सगळं शांत झालं. कुंदाचा आवाज गेला, लाटांचा गेला, सगळ्या जगाचा गेला. नुसता आपलाच श्वास, आत घुमणारा. तिने पायांसाठी काहीच केलं नाही. ते आपले आपण वर आले.

डिसेंबरचं आभाळ पांढुरकं होतं. एक घार फिरत होती. पाणी तिला हळूच वर उचलत होतं आणि हळूच खाली ठेवत होतं.

आणि तिथे, जिथे कुणी काही विचारत नव्हतं, कुठलेही डबे द्यायचे नव्हते, जानकीला रडू आलं. केवढं तरी. लेक गेल्यापासूनचं सगळं. मानसी लहान असताना तिला कुशीत घेऊन झोपल्यावर तिचा श्वास असाच कानाशी यायचा, ते तिला आठवलं. बापलेकींच्या गप्पा ऐकत आपण बाजूला उभ्या राहिलो, आणि आज ती पहिल्यांदाच काही मागायला आपल्याकडे आली, हेही. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं आणि समुद्राला मिळत होतं. रडताना श्वास तुटायचा, तेव्हा अंग थोडं खाली जायचं. श्वास घेतला की परत वर. तिने तेही लक्षात ठेवलं.

ती बाहेर आली तेव्हा कुंदा रडत होती आणि ती बोंबीलवाली बाई हसत होती.

"डोळे किती लाल झालेत तुझे," कुंदा टॉवेल देत म्हणाली.

"खारं पाणी," जानकी म्हणाली.

त्या बाईने दोघींना घरी नेऊन चहा पाजला आणि निघताना सुके बोंबील बांधून दिले. परतीच्या बोटीत जानकी सारखी ओठ हलवत होती. कुंदाला वाटलं जप करतेय. ती रविवारी काय काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं ते घोकत होती.

रविवारी फोन वाजला तेव्हा राजेशने तो उचलून सरळ जानकीच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

"ऐक," जानकी म्हणाली. "मधे बोलू नको. आधी छाती भरून श्वास घे आणि आत धरून ठेव. मग मागे टेक, खुर्चीत टेकतो तशी. मान सोडून दे. कुणाकडे बघायचं नाही, सरांकडे नाही, मैत्रिणींकडे नाही. वर बघायचं. मग कान बुडव."

"कान?"

"तेच तर. कानात पाणी गेलं की तू घाबरतेस आणि डोकं उचलतेस. म्हणून पाय जातात. कान बुडव. ऐकू येणार नाही काही, नको येऊ दे. पायांना काही करू नको, ते येतात. श्वास सोडलास की थोडी खाली जाशील. जाऊ दे. परत घे, परत वर येशील. हातपाय मारू नको. पाण्याशी भांडायला गेलीस की ते तुला खाली नेतं."

"आई, मागच्या वेळी तुला हे सांगता येत नव्हतं."

"मनोरीला गेले होते. पाण्यात उतरून बघितलं. आधी बुडाले तीनदा."

"तू बुडालीस?" मानसी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "आई, आमचं पाणी खारं नाहीये गं. पूलचं आहे."

हे जानकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "मग वारा जास्त भर छातीत."

"आणि नाहीच जमलं तर?" मानसीने हळूच विचारलं. "मला दोन-तीनदा वाटलं की सांगावं, मला घरी न्या."

राजेशने मान खाली घातली. जानकीने त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. लेकीने परत यावं असं तिला ती गेली त्या दिवसापासून वाटत होतं. आता नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही जमलं तर घरी ये," ती म्हणाली. "मी तुला मनोरीला नेईन. आपण दोघी उतरू. शिकशील तिथे, मग पुढचं पुढे. त्यात काही नाही. पण आधी उद्या कान बुडवून बघ."

"हो," मानसी म्हणाली. "बघते."

पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. दिवसभर दोघं घरात थांबली. राजेशने दोनदा मोबाइल बंद करून चालू केला. संध्याकाळी तो म्हणाला, "बाहेर कुठे नेलं असेल सगळ्यांना." जानकी म्हणाली, "हो, तसंच असेल," आणि दोघंही एकमेकांना धीर देतोय हे दोघांना ठाऊक होतं. आठवडाभर जानकीच्या पोळ्या जाड झाल्या. कुंदाने एकाही शब्दाने टोकलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मानसी फोनवर ओरडलीच. "आई, तरंगले! पहिल्या दिवशी नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी. कान बुडवले आणि मला वाटलं मेलेच, आणि मग पाय आले! सर म्हणाले, आता ऊठ, बस झालं, आणि मला ऐकूच येत नव्हतं ना, मी तशीच पडून राहिले. शेवटी त्यांनी काठी लावली मला!"

पोहण्याच्या चाचणीत ती त्यानंतरही एकदा नापास झाली, उडी मारताना घाबरून. पुढच्या वेळी पास झाली. उडी कशी मारायची ते काही जानकीला सांगता येण्यासारखं नव्हतं. ते मानसीचं मानसीनेच केलं.

मार्चमध्ये ट्रेनिंग संपल्याच्या परेडचं चिल्काहून बोलावणं आलं तेव्हा राजेशने स्टुडिओतून रजा काढली आणि कुंदाने केंद्राची किल्ली मागून घेतली. "दोन्ही कामं करेन मी. पण पोळ्या गोल नाही येणार, गिऱ्हाइकांना सांगून ठेव."

परेड संध्याकाळी होती, दिव्यांच्या उजेडात. मैदानाभोवती आईबापांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पांढऱ्या गणवेशातल्या रांगा आल्या आणि जानकीला आपली मुलगी ओळखता येईना. सगळ्या सारख्याच, ताठ, समोर बघणाऱ्या. "ती बघ, तिसऱ्या रांगेत!" राजेश म्हणाला. ती दुसरीच निघाली. डोळे पुसत तो म्हणाला, "वरून अजून एक लाइट मारायला हवा होता इकडून. चेहरेच दिसत नाहीत."

"चेहरे दिसतायत," जानकी म्हणाली. "तुमचे डोळे भरलेत."

शेजारी बसलेल्या हरयाणाच्या बाईने पदराआडून लाडू काढून जानकीच्या हातावर ठेवला आणि ठेट हरयाणवीत काहीतरी विचारलं. जानकीने मान हलवली. तिला फक्त 'बेटी' कळलं होतं.

परेड संपल्यावर रांगा मोडल्या. मानसी गर्दीतून वाट काढत आली. काळवंडली होती, खांदे रुंद झाले होते. बापासमोर तिने टाचा जुळवून सलाम ठोकला, आणि राजेश सलाम करावा की मिठी मारावी या गोंधळात दोन्ही अर्धं अर्धं करून बसला. मग ती आईकडे वळली. आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, पूर्ण भार टाकून. जानकीला तो भार पेलेना, तरी ती हलली नाही.

"जड झालीस गं," ती म्हणाली.

"तिथे दूध देतात खूप," मानसी म्हणाली.

त्या तिघांना थोडाच वेळ मिळाला. मग शिट्टी झाली, मुलींना परत जायचं होतं. मानसी टोपी सारखी करून निघाली आणि बाकीच्या मुलींबरोबर पावलाला पाऊल मिळवत दिव्यांच्या पलीकडे गेली. वळून बघायची त्यांना परवानगी नसावी. जानकी मात्र बघत राहिली, पांढरा रंग अंधारात मिसळेपर्यंत.

"चल," राजेश म्हणाला. "तिकडे चहा ठेवलाय पालकांसाठी. गार होईल."

"चला," जानकी म्हणाली. चालता चालता तिने त्याचा हात धरला. एवढ्या लोकांत तिने तो आजवर कधी धरला नव्हता.